प्रेपची गोळी खेड्यातल्या बाईच्या घरात टिकत का नाही?

धागाकर्ती: वर्धाकाठ
विभाग: आरोग्य आणि समाज

नमस्कार मंडळी.

देहविक्री करणाऱ्या बायांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी समुपदेशक आहे. आमचा पट्टा म्हणजे हिंगणघाटपासून खाली पांढरकवड्यापर्यंतचा हैदराबाद हायवे आणि बाजूचा वणी-घुग्घुसचा कोळशाचा भाग. प्रेपबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक मुंबई-पुण्याचं असतं. म्हणून हा धागा. कुणाची ओळख पटेल असं मी काही लिहिणार नाही, प्रतिसादात कुणी विचारूही नये ही विनंती.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं एका गोळीत असतात. ज्याला एचआयव्ही नाही त्याने ती रोज घ्यायची, म्हणजे विषाणू अंगात शिरला तरी त्याला पाय रोवता येत नाहीत. अमेरिकेत २०१२ साली तिला मान्यता मिळाली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जास्त जोखीम असलेल्या सगळ्यांसाठी शिफारस केली. नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये आल्या. गोळी भारतातच बनते. शंका असलीच तर ती गोळीबद्दल नाही, रोज घेतली की ती काम करते.

आता कोलकात्याचं उदाहरण बघा. सोनागाछी या देहविक्रीच्या वस्तीत दुर्बार महिला समन्वय समितीने आणि म्हैसूरला आशोदया समितीने मिळून तेराशेपेक्षा जास्त बायांना प्रेप दिलं. गोळ्या पोचवणाऱ्या, आठवण करणाऱ्या, पहिल्या आठवड्यात मळमळलं की धीर देणाऱ्या त्यांच्यातल्याच बाया होत्या. बहुतेक जणी शेवटपर्यंत टिकल्या आणि एकीलाही लागण झाली नाही. दुसरीकडे केनिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातला फेम-प्रेप अभ्यास २०११ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण फायदाच दिसेना. रक्त तपासलं तेव्हा निम्म्याहून कमी बायांच्या रक्तात औषध सापडलं. बाटल्या नेल्या होत्या, गोळ्या पोटात गेल्या नव्हत्या.

आमच्याकडचं चित्र या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. नागपूरच्या गंगाजमुनासारखी वस्ती खेड्यात नसते. आमची बाई नवऱ्याच्या किंवा माहेरच्या घरात राहते. पावसाळ्यात निंदणाला जाते, दिवाळीनंतर कापूस वेचते, आणि जिनिंग सुरू होऊन हातात पैसा खेळायला लागला की तिचा फोनही वाजायला लागतो. एखादीचं ठिकाण हायवेवरचा ढाबा, एखादीचं तालुक्याच्या बसस्टँडजवळचा लॉज. घरी सांगायचं ते "वेचणीला जाते", "बचत गटाची मीटिंग आहे". शेजारच्या बाईला तिचं हे काम माहीत नसतं. कित्येकदा त्याच गावात तेच काम करणारी दुसरी बाईही तिला माहीत नसते. सोनागाछीत एकीने घेतली म्हणून दुसरीने घेतली. इथे पहिलीने घेतली हे दुसरीला कळायचीच सोय नाही.

आणि मग ती बाटली. तीस गोळ्यांची पांढरी प्लॅस्टिकची बाटली, आत ओलावा शोषणारी पुडी. एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, असलेल्या माणसाच्या घरात असते तशीच, कारण टेनोफोविर एचआयव्हीच्या उपचारातही वापरतात. आमच्या गावांमधून एआरटीच्या बाटल्या गेली वीस वर्षं येत आहेत, लोक त्या लांबून ओळखतात. म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळी घेणाऱ्या बाईवर एचआयव्ही झाल्याचा शिक्का बसतो.

एका ताईने माझ्यासमोर बाटली उघडली, गोळ्या ओंजळीत घेतल्या, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि बाटली परत माझ्या हातात दिली. म्हणाली, "हे तुमच्यापाशीच असू द्या." मी तिला सांगितलं की अशा सुट्या गोळ्या घामाने आणि दमटपणाने खराब होतात. ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा, कुठं ठेवू?" एका खोलीचं घर, वर टिनाचं छप्पर, कपाटाला कुलूप नाही, किल्लीच्या जागा सासूला पाठ. बाटलीवर लिहिलेलं असतं की तीस अंशांखाली ठेवा. मे महिन्यात चंद्रपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घरात गार जागा एकच, माठाजवळची, आणि तिथेच ओल.

तिला विषाणूची भीती नाही असं समजू नका. भीती आहेच. पण विषाणू आज ना उद्या येईल न येईल, बाटली सापडली तर आज संध्याकाळीच घराबाहेर निघावं लागेल. तिचा हिशोब मला चुकीचा वाटत नाही. बदलायला हवं ते आपलं वाटप.

दुसरी गाठ तपासण्यांची. सुरू करण्याआधी एचआयव्ही नाही याची खात्री, किडनीसाठी क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी चाचणी केंद्रात, फुकट होते, पण बाकीच्या दोन बऱ्याचदा जिल्ह्याला. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्याने मोठा आधार झाला. तरी मजुरीचा दिवस जातोच, आणि "दवाखान्यात कशाला गेली होती?" हा प्रश्न घरी वाट बघत असतो. खासगीतून विकत घ्यायची तर महिन्याला हजाराच्या वर. कापूस संपल्यावर चैत्र-वैशाखात तिच्याकडे तेवढे कुठून येणार?

माझं म्हणणं एवढंच आहे: "बाया गोळी घेत नाहीत, त्यांना जाणीव नाही" हे जे अहवालांत येतं ते थांबायला हवं. ज्यांना गोळी हवी आहे पण ठेवायला जागा नाही, अशा बाया मला माहीत आहेत. इतर जिल्ह्यांत कुणी यावर काही मार्ग काढला असेल तर लिहा.

मूळचा_वणीचा
चांगला धागा. शंका आहे, राग मानू नये. निरोध वाटले जातातच. निरोधाने एचआयव्ही थांबतो, गुप्तरोग थांबतात, दिवस राहत नाहीत. गोळीने फक्त एचआयव्ही. मग इतकी यातायात कशासाठी? निरोधावरच जोर का देत नाही?

वर्धाकाठ
राग कसला, हा प्रश्न आम्हाला सगळीकडे येतो. निरोध सोडा असं कुणीच सांगत नाही. पण निरोध लावायचा की नाही हे शेवटी पुरुष ठरवतो. ट्रकवाला प्यालेला असतो. जास्त पैसे देऊन बिननिरोधाचं मागणारा असतो, आणि त्याच दिवशी पोराच्या शाळेची फी भरायची असते. सगळ्यात अवघड म्हणजे ज्याला बाया "मालक" म्हणतात तो नेहमीचा माणूस. त्याच्यासोबत निरोधाचा विषय काढला की "माझ्यावर भरवसा नाही का?" इथून भांडण सुरू. ही गोळी ती सकाळी कुणाला न विचारता घेऊ शकते. तिच्या हातात असलेला हा एवढा एकच उपाय आहे, म्हणून तिच्यासाठी इतकी यातायात.

दवाखाना_रोड
मी डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. वैद्यकीय बाजूने थोडी भर घालतो.

बायांच्या बाबतीत गोळी रोजच्या रोज लागते. "संबंधाआधी दोन, नंतर एक-एक" ही पद्धत पुरुषांसाठी आहे, ती बायांना सांगू नये. योनीमार्गात औषध पुरेसं साठायला वेळ लागतो. कुठे सात दिवस सांगतात, कुठे एकवीस. तोवर निरोधावरच भिस्त ठेवावी.

मळमळ, गॅस, डोकेदुखी पहिल्या काही आठवड्यांत होते आणि बहुतेकांची आपोआप जाते. रात्री जेवणानंतर घेतली की त्रास कमी. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना चालते. गर्भनिरोधक गोळ्यांशी भांडण नाही. दारूशीही थेट काही नाही, फक्त प्यायल्यावर गोळी विसरते.

आमच्या भागात मला काळजी वाटते ती दुखण्याच्या गोळ्यांची. शेतमजूर बाई कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणते आणि आठवडाभर घेते. टेनोफोविर चालू असताना ह्या गोळ्यांचा मारा किडनीला महाग पडू शकतो, त्यात उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटलेलं. अशा बाईला पॅरासिटामॉल द्यावी आणि प्रेपबद्दल डॉक्टरला सांगायची तिला भीती वाटू नये असं वागावं. हे दुसरं आमच्या पेशाकडून होत नाही, हे मला मान्य आहे.

आणि हिपॅटायटिस बी असेल तर गोळी मनाने बंद करू नये. ती त्या विषाणूलाही दाबून ठेवते, अचानक सोडली तर लिव्हरचा त्रास उसळू शकतो. म्हणून ती तपासणी, नुसता कागद वाढवायला नाही.

पऱ्हाटी
ताई, मी जिनिंगवर काट्याले असतो. तुमी लिवलं ते खरं हाय. हंगामात बाहेरचे ड्रायव्हर, हमाल, सारे इथंच मुक्काम करतात. पन एक सांगतो, साऱ्या गोठी बायांवरच काऊन? गोयी तिनंच घ्याची, तपासाले तिनंच जाचं, लपवाचं तिनंच. जो पैसे देऊन जाते त्याले कोनी काही इचारत नाई. आमच्या इथं हमालांची तपासनी एकदा लागली होती तं निम्मे पयून गेले.

वर्धाकाठ
पऱ्हाटी भाऊ, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजुरांसाठी वेगळे प्रकल्प असतात, पण तपासणीला पुरुष येत नाहीत हे खरं. पुरुषांना आणखी एक सांगायला हवं: ज्याला एचआयव्ही आहे आणि जो एआरटी नियमित घेऊन विषाणूचं प्रमाण न सापडण्याइतकं खाली ठेवतो, त्याच्याकडून संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. म्हणजे पुरुषांनी तपासून उपचार घेतले तर तिच्यावरचं ओझं तेवढं उतरेल. तुमच्या जिनिंगवर पुढच्या हंगामात संध्याकाळचं शिबिर लावता येईल का? दिवसा मजुरी बुडते म्हणूनही लोक पळतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

स्पष्ट_मत
माफ करा, पण ज्यांनी हा मार्ग निवडला त्यांच्यासाठी करदात्याने पैसे का भरावेत? साध्या बीपीच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात संपलेल्या असतात. शिवाय अशी गोळी दिली की धंद्याला उत्तेजनच मिळणार.

अमरावतीची_आत्या
बीपीच्या गोळ्या संपतात ही तक्रार योग्य, ती वेगळी मांडा, मीही सही करीन. पण एका रुग्णाच्या तोंडातून काढून दुसऱ्याला द्यायचं असा हा हिशोब नाही. लागण झाली तर सरकार त्या बाईला आयुष्यभर एआरटी फुकट देतं, आणि ते दिलंच पाहिजे. आधी थांबवणं स्वस्तातही पडतं आणि माणूसही वाचतो.

आता निवडीबद्दल. तीस वर्षं शाळेत शिकवलं मी, यवतमाळ जिल्ह्यात. कर्जापायी नवरा गेला, जमिनीवर दिराचं नाव, पदरात दोन लेकरं, अशा बाया माझ्या शाळेत पालक म्हणून यायच्या. त्यांच्यातल्या कुणी काय केलं हे मी कधी विचारलं नाही. लेकरं डबा घेऊन शाळेत येत होती हे मी बघत होते. गोळी मिळते म्हणून कुणी ह्या कामात शिरत नाही हो. आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे की ह्या बायांनाही सन्मानाने जगण्याचा आणि कायद्याच्या संरक्षणाचा हक्क आहे.

नाव_नको
मी हे काम केलेलं हाय, आता सोडलं. मोबाइलवर वाचलं म्हनून लिवते, चुकलं तं समजून घ्या.

मी गोयी घेत होती. आमच्यातलीच एक बाई प्रकल्पाचं काम करे, तिले पिअर ताई म्हनत. तिच्या घरी बाटली राहे. तिचं शिलाईचं काम, म्हनून जानं-येनं कोनाले खटकत नोतं. ब्लाउज शिवाले टाकला म्हना, फॉल लावाले दिला म्हना. जाचं, पानी प्याचं, गोयी घ्याची, परत याचं. दोन दिवस बाहेरगावी जाचं असलं तं ती कागदात दोन गोया बांधून दे. तिनंच मले पयल्यांदा सांगतलं का हे रोग असलेल्याचं औषध नाई, रोग येऊ नये म्हनून हाय. दवाखान्यातल्या मॅडमनं बी सांगतलं होतं, पन ताईनं सांगतलं तवा पटलं, कारन ती सोता घेत होती.

मंग तिच्या पोराचं लग्न जमलं अन घरात सून आली. सुनेनं बाटल्या पाह्यल्या. ताईनं साऱ्या बाटल्या काढून देल्या, अन आमच्या तिघींची गोयी तितंच थांबली. तिचाबी दोष नाई.

वर्धाकाठ
नाव_नको ताई, तुम्ही लिहिलंत याचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही. हवं तेवढंच लिहा, कुणी काही विचारणार नाही.

बाकी मंडळींनी ह्यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिघींचं औषध एका घरावर अवलंबून होतं. त्या घरात सून आली की सगळं कोसळलं. पिअर ताईला प्रकल्पातून मानधन मिळतं ते तुटपुंजं, आणि बाटल्या ठेवायला कुलपाची पेटी काही मिळत नाही. दुसरं, गोळी तीन दिवस थांबली तर काय करायचं, तीन महिने थांबली तर परत कशी सुरू करायची, हे त्या तिघींना कुणी सांगितलं नसणार. सोडून परत सुरू करणं ह्यात काही गैर नाही. एचआयव्ही चाचणी करायची आणि पुन्हा चालू करायचं. काम बंद असेल, पावसाळ्यात बाई फक्त शेतावर असेल, तर डॉक्टरला विचारून थांबवताही येतं. पण "बंद केली म्हणजे ती प्रकल्पातून गळाली" अशी नोंद होते आणि मग ती लाजेने परत येत नाही.

कृष्णेकाठचा
सांगलीहून. आमच्याकडे संग्राम संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, यांचं काम नव्वदच्या दशकापासून आहे. मी त्यांच्यात नाही, पण शेजारी म्हणून बघत आलो. बाया आधी एकत्र आल्या त्या पोलीस, गुंड आणि दवाखान्यातली वागणूक यांसाठी. निरोध त्या जोरावर टिकला. तुमच्याकडे बाया विखुरलेल्या आहेत हे मान्य, पण म्हैसूरलाही सोनागाछीसारखी एक वस्ती नव्हती, बाया शहरभर होत्या. तिथे संघटना मात्र अनेक वर्षांची होती आणि दवाखानाही स्वतःचा. गोळीच्या आधी बसायला जागा हवी, असं मला वाटतं.

वर्धाकाठ
पटतंय, आणि जागेसाठीच तर झगडतो आहोत. पण वर्ध्या-यवतमाळच्या खेड्यात "बायांची संघटना" असा फलक लागला की येणारी प्रत्येक बाई उघडी पडते. म्हणून आमच्या डोक्यात शिलाई केंद्रासारखं काहीतरी आहे, जिथे गावातली कुठलीही बाई येईल आणि त्यात ह्याही येतील. तिथे कुलपाची कपाटं. गोळ्या साध्या दिसणाऱ्या, लेबल नसलेल्या पण घट्ट झाकणाच्या डबीत, आत ती पुडी टाकून. क्रिएटिनिनचं रक्त तिथेच काढून नमुना जिल्ह्याला पाठवायचा, बाईला पाठवायचं नाही.

मूळचा_वणीचा
सहा महिन्यांनी एक इंजेक्शन असं काही आलंय म्हणतात. मग बाटलीचा प्रश्नच मिटला की?

दवाखाना_रोड
लेनाकापाविर. पोटाच्या कातडीखाली, वर्षातून दोनदा. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात तरुण मुली-बायांवर अभ्यास झाला, २०२४ मध्ये निकाल आले. इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ जणींमध्ये एकही लागण नाही. त्याच अभ्यासात रोजची हीच गोळी दिलेल्या १०६८ जणींमध्ये १६ लागणी, आणि तिथेही कारण तेच, गोळ्या नियमित पोटात गेल्या नाहीत. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता, जुलैत जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. आपल्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरोसारख्या कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळालेला आहे, आणि २०२७ पासून गरीब व मध्यम देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलर अशी किंमत जाहीर झाली आहे. आशा ठेवायला जागा आहे.

वर्धाकाठ
आमच्या बायांना मी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "जिल्ह्याला जावं लागन का?" इंजेक्शन आलं तरी ते कुठे, कुणासमोर, किती वाजता टोचणार हे तसंच राहतं. ग्रामीण रुग्णालयातल्या रांगेत गावची चार माणसं उभी असतील तर ती तिथे जाणार नाही. आत्ता गोळीसाठी जी जागा उभी करू तीच उद्या इंजेक्शनच्या कामी येईल.

झरीचा_मास्तर
वाचनमात्र होतो. एक तातडीचं विचारतो. ओळखीतल्या एका बाईवर तीन दिवसांपूर्वी बळजबरी झाली, निरोध नव्हता. आता प्रेप सुरू करून उपयोग होईल का? नाव-गाव सांगत नाही.

दवाखाना_रोड
प्रेप नाही, पेप. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची औषधं असतात. तीन दिवस म्हणजे घड्याळ संपतच आलंय. उद्यावर टाकू नका, आत्ता रात्रीच जिल्हा रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात घेऊन जा आणि "पेप हवं" हा शब्द वापरा. ७२ तास उलटले असतील तरी न्या. बाकी उपचार, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी, एचआयव्हीची आजची आणि पुढची चाचणी, हे सगळं करावंच लागतं. बळजबरी झालेल्या बाईवर कुठल्याही दवाखान्याने मोफत उपचार करायचे असतात, पोलिसांचा कागद आधी आणा म्हणून परत पाठवता येत नाही. तिचा व्यवसाय सांगायची गरज नाही.

वर्धाकाठ
मास्तर, १०९७ ह्या टोल फ्री नंबरवर मराठीत बोलता येतं, जवळचं केंद्र ते सांगतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तिच्या चाचणीची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, हेही तिला सांगा, म्हणजे ती यायला तयार होईल. सोबत बाईमाणूस हवी असेल तर मला व्यनि करा, मी जागी आहे.

झरीचा_मास्तर
निघालो. गाडी मिळाली आहे. व्यनि केला आहे.